गाडीतला रेडिओ बंद पडला तर

गटाच्या गाडीतला कंपनीचा रेडिओ बंद पडला की "सगळा सेटच बदला" असा सल्ला मिळतो. गटाच्या बचतीला हात लावण्याआधी स्वस्तातल्या गोष्टी तपासून घ्या.

सेट सुरूच होत नसेल, तर आधी फ्यूज पाहा. तो कुठे आहे, हे गाडीच्या माहितीपुस्तकात असतं. जळालेल्या फ्यूजची आतली तार तुटलेली दिसते. चावी बंद करून तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवा. 10 चा असेल तर 10 चाच. मोठा फ्यूज किंवा साधी तार घातली, तर वायरिंग पेटू शकतं. नवाही लगेच उडाला, तर गाडी इलेक्ट्रिशियनला दाखवा.

सेट चालतो, पण नुसती खरखर येते? छतावरचा एरियल घट्ट बसवा. आणि आपलं केंद्र छोटं आहे. फार लांब गेल्यावर आवाज तुटला, तर तो सेटचा दोष नव्हे.

बॅटरी काढल्यावर काही गाड्यांचा सेट कोड मागतो. ते चोरीविरुद्धचं कुलूप आहे, बिघाड नाही. अंदाजाने आकडे दाबू नका. कोड बहुधा कागदपत्रांत असतो. जुनी गाडी घेतानाच मागून घ्या.

गाडी वॉरंटीत असेल, तर सेट बाहेर उघडू देऊ नका. नसेल, तर तालुक्याच्या कारागिराला आधी विचारा: काय बिघडलं, खर्च किती? बदललेला भाग आणि बिल मागून घ्या. फसवणूक वाटली, तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर सांगा. पैसा गटाचा आहे. विचारायला लाजू नका.