सालबर्डीचे दगड

वऱ्हाडांत दगड म्हटला म्हणजे तो काळाच असावयाचा. घराच्या जोत्यास तोच, विहिरीच्या बांधकामास तोच. आपली कपाशी जींत पिकते ती काळी मातीहि त्याच दगडाची झीज होऊन झालेली आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूपृष्ठास पडलेल्या भेगांतून लाव्हारसाचे लोटावर लोट बाहेर पडले आणि थरावर थर थिजत गेले. आजहि सुमारें पांच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या थरांनीं व्यापलेला आहे. त्यापूर्वीं या भूमीवर कोणतें जीवन नांदत होतें, तें सारें या काळ्या पांघरुणाखालीं गेलें.

परंतु अमरावती जिल्ह्यांत हें पांघरूण एके ठिकाणीं उसवलें आहे. मोर्शी तालुक्यांत संत्र्यांचे बगीचे मागें पडून सातपुडा सुरू होतो, तेथें सालबर्डी हें गांव आहे. महाशिवरात्रीस महादेवाच्या यात्रेसाठीं लोकांची तेथें दाटी होते. पण पायांखालच्या खडकांकडे थोड्यांचेंच लक्ष जातें. येथें भूकवचांत मोठा भ्रंश आहे. म्हणजे खडकांस चीर पडून तिच्या एका बाजूचा भाग वर आणि दुसऱ्या बाजूचा खालीं सरकला आहे. त्यामुळें आणि झिजेमुळें काळ्या दगडाखालचे खडक येथें उघडे पडले. तळाशीं अतिप्राचीन ग्रॅनाइट, त्यावर गोंडवन काळचे खडक, त्यावर ‘लमेटा’ नांवाचे गाळाचे खडक, आणि मग आपला नेहमींचा काळा दगड, असा हा क्रम आहे.

जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लमेटा घाटावरून या गाळाच्या खडकांस नांव मिळालें. ठगांच्या बंदोबस्तामुळें प्रसिद्धीस आलेल्या स्लीमनसाहेबांस १८२८ सालीं जबलपूर येथें याच खडकांत प्रचंड हाडें मिळालीं. पुढें १८७७ सालीं लायडेकर यांनीं तेथील हाडांवरून त्या प्राण्यास ‘टायटॅनोसॉरस’ हें नांव दिलें. त्याच गोताच्या लांब मानेच्या, शाकाहारी डायनोसॉरांचीं अश्मीभूत हाडें सालबर्डीच्या परिसरांतहि मिळालीं आहेत.

हे प्राणी काय खात असत? चंद्रपूर जिल्ह्यांतील पिसदुरा येथें त्यांची मानली जाणारी विष्ठाच दगड होऊन राहिली आहे. ती तपासतां तींत निदान पांच प्रकारच्या गवतांचे सूक्ष्म कण आढळले, असें २००५ सालीं प्रसिद्ध झालें. डायनोसॉरांच्या काळीं गवत नसावें, हा तोंपर्यंतचा समज त्यामुळें पालटला. एवढें ज्ञान शेणाच्या खड्यांतून मिळालें!

याच सातपुड्यांत पश्चिमेस मेळघाट आहे. व्याघ्रप्रकल्पासाठीं देशांत प्रथम जीं नऊ अरण्यें निवडलीं गेलीं, त्यांत त्याचा समावेश होता. तेथें वाघ आहे, गवा आहे, आणि रानपिंगळा नांवाचें एक लहानसें घुबडहि आहे. १८८४ नंतर हा पक्षी नाहींसा झाला असें सर्वांनीं धरलें होतें. १९९७ सालीं तो शहाद्याजवळ पुन्हां दिसला आणि पुढें मेळघाटांतहि आढळला. हरवलेला पक्षी असा एखादे वेळीं परत भेटतो. उचलून नेलेला जीवाश्म मात्र घरीं असूनहि हरवलेलाच असतो. कारण तो कोणत्या थरांत, कशाच्या शेजारीं होता, यांतच त्याचें निम्में मोल असतें. तें एकदां पुसलें गेलें म्हणजे कपाटांत उरतो तो नुसता दगड.

पावसाळ्यांत चिखलदऱ्यास जाणाऱ्या मंडळींनीं एकदां सालबर्डीचीहि वाट धरावी, असें मला मनापासून वाटतें. प्रवासी आले तर गांवच्या तरुणांस वाटाड्याचें काम मिळेल, आणि ज्यास त्या दगडावर पोट भरतां येईल तो त्यास जपेलहि. पण आपल्या येण्यानेंच तो ठेवा झिजतां कामा नये. वाघाच्या पाठीशीं १९७२ चा कायदा आहे, वनरक्षक आहेत. ओढ्यांतल्या प्रत्येक दगडापाशीं पहारेकरी उभा करणें कोणत्याहि सरकारास साधणारें नाहीं. तेथें पहारा आपलाच. मुलांस संशयास्पद हाड दिसलें तर तें जागचें हलवूं देऊं नका. छायाचित्र घ्या, जागा टिपून ठेवा, आणि अमरावती विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागास कळवा.

यात्रेकरू देवाच्या डोंगरावरून प्रसाद आणतो. दगड तेथेंच ठेवून येतो. हीच रीत या डोंगरासाठींहि पाळावी, एवढीच माझी विनंति आहे.