विकिपीडियावर नव्याने लिहिताना

मराठी विकिपीडिया २००३ पासून सुरू आहे आणि तिथे कुणालाही लिहिता येतं. पण आल्याआल्या मोठे बदल करायला घेऊ नका. आधी थोडे दिवस ‘चावडी’ वाचा. चावडी म्हणजे सदस्यांनी आपसात बोलण्याचं पान. मतभेद कोणत्या भाषेत मांडतात, संदर्भ कसा मागतात, हे तिथे कळतं. लेखनाचा सराव ‘धूळपाटी’ या सरावाच्या पानावर करा. चर्चापानावर लिहून झालं की शेवटी चार नागमोडी चिन्हं (~~~~) टाका. तुमची सही आणि वेळ आपोआप उमटते.

तुमचा बदल कुणी उलटवला, तर चिडून तो पुन्हा घालू नका. लेखाच्या इतिहासात बहुधा कारण नोंदवलेलं असतं. “संदर्भ द्या” हे दोनच शब्द तुटक वाटतात, कारण त्यांच्यासोबत आवाज नसतो, चेहरा नसतो. लिहिणाऱ्याच्या मनात राग असेलच असं नाही. समोरचा सद्हेतूने वागतो आहे असं धरून चालावं, हा विकिपीडियाचा जुना संकेत आहे. नवख्यांना तोडून बोलू नये, हाही तितकाच महत्त्वाचा. तेव्हा शंका आली तर मोकळेपणाने विचारा, आणि मराठीत लिहायला जरूर या.