वेगाला वाट हवी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाचा विषय मी कळवला तेव्हा चिटणीसबाईंनी तो दोनदा विचारून खात्री करून घेतली. सणवार, आरोग्य, मुलांचे वळण हे आपले नेहमीचे विषय. आणि मी निवडला अमेरिकेतील मोटारींच्या शर्यतींचा! माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण आमच्या घरी मोटारदुरुस्तीचा धंदा, त्यामुळे कार्ब्युरेटर आणि गिअरबॉक्स हे शब्द माझ्या कानाला पोळपाट-लाटण्याइतकेच सवयीचे झाले आहेत. बाकीची माहिती मुलीने इंग्रजीतून वाचून सांगितली आणि त्या काळची चित्रे मोबाईलवर दाखवली. तेवढ्या शिदोरीवर मी आपल्यापुढे उभी आहे.

विषय निवडण्याचे कारण मात्र आपल्या दारातलेच आहे. रात्री दहानंतर बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर मुलांच्या मोटारसायकली सुटतात. तो आवाज आपण सर्वजणी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकतो, आणि आपला मुलगा घरात आहे ना, हे उठून पाहतो. असेच दुखणे अमेरिकेला आपल्या आधी सत्तर-ऐंशी वर्षे जडले होते. त्यावर त्या लोकांनी काय उपाय केला, ते मला सांगावयाचे आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. त्याच्या दक्षिण भागात १९३० नंतर तरुण पोरे जुन्या फोर्ड मोटारी स्वस्तात विकत घेत. मडगार्ड काढ, टप काढ, ज्याने म्हणून वजन वाढते ते सारे काढून टाक, आणि इंजिनाची ताकद मात्र वाढव, असा त्यांचा उद्योग. १९३२ साली फोर्ड कंपनीने आठ सिलिंडरांचे व्ही-एट इंजिन सामान्य माणसाच्या मोटारीत बसवले, तेव्हापासून ही गाडी पोरांची फार लाडकी झाली. अशा घरच्या घरी बदललेल्या गाडीला 'हॉट रॉड' हे नाव पडले. आपण जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतो ना, तसलाच हा प्रकार. नवे घेण्याची ऐपत नाही, पण हातात कसब आहे!

म्युरॉक, एल मिराज अशा ठिकाणी वाळून सपाट झालेली तळी आहेत. तेथे जाऊन ही पोरे गाड्या पळवीत. त्यांची लहान लहान मंडळे होती, आणि १९३७ साली त्या मंडळांनी मिळून एक संघ काढला. म्हणजे मंडळाचे महत्त्व त्यांनाही कळले होते म्हणायचे!

पुढे महायुद्ध झाले. १९४५ साली ते संपल्यावर हजारो तरुण घरी परतले. कित्येकांचा हात लष्करात यंत्रांवर बसलेला, आणि खिशात थोडे पैसे. तळी दूर पडत, रस्ते मात्र दारातच. मग या सिग्नलपासून त्या सिग्नलपर्यंत पैजा लागू लागल्या. अपघात झाले, वर्तमानपत्रांनी ओरड केली, पोलिसांनी धरपकड केली. हॉट रॉडवाला म्हणजे मवाली, असा लोकांचा समज झाला. पण भगिनींनो, धरपकडीने पोरे रस्ता बदलत, नाद सोडत नसत.

तेव्हा काही शहाण्या माणसांनी निराळा विचार केला. १९५० साली सांता ॲना येथे विमानतळाच्या धावपट्टीवर शर्यती सुरू झाल्या. वॉली पार्क्स नावाच्या गृहस्थांनी १९५१ साली 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' ही संस्था काढली, आणि १९५३ साली पोमोना गावच्या जत्रेच्या मैदानातील गाडीतळावर तिची पहिली अधिकृत शर्यत भरली. १९५४ पासून संस्थेचे पथक गावोगाव फिरून शर्यत सुरक्षित कशी भरवावी हे शिकवू लागले. त्या पथकाचा प्रमुख कोण असेल? पोमोनाच्या पोलिसदलातील एक सार्जंट, बड कून्स! पकडणाऱ्यानेच शिकवायला जावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

या शर्यतीला ड्रॅग रेस म्हणतात. आपल्या बैलगाड्यांच्या घाटासारखीच ती सरळ असते, वळण नाही. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या. अंतर साधारणपणे फक्त पाव मैल, म्हणजे १३२० फूट. सुरुवातीला निशाणवाला इशारा देई. १९६३ पासून दिव्यांचा खांब आला, त्याला ते 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. हिरवा दिवा लागला की सुटायचे. दिव्याआधी सुटला तो बाद. आत सोडण्यापूर्वी ब्रेक, पट्टा, हेल्मेट यांची तपासणी होई. १९६४ साली डॉन गार्लिट्स यांनी ताशी २०० मैलांचा पल्ला गाठला. एवढ्या वेगाला नुसते ब्रेक पुरत नाहीत, म्हणून मागे हवाई छत्री उघडते. पण त्या छत्रीलाही उघडण्यास मोकळी जागा लागते. आपल्या रस्त्यावर वेगाला मोकळी जागा कुठली? पुढे कोणाची तरी आजी दूध घेऊन रस्ता ओलांडत असते.

आता बायकांचे सांगते, कारण त्यावाचून हे भाषण आपल्या मंडळात करण्यात अर्थ नाही. धावपट्टीवरचे घड्याळ गाडीचा वेळ मोजते. आत बाई आहे की बुवा, हे त्याला दिसत नाही. माणसांना मात्र दिसते. म्हणून परवान्यासाठी बायकांना झगडावे लागले. बार्बरा हॅमिल्टन यांना १९६४ साली सुपरचार्जर लावलेली गाडी पळवण्याचा परवाना संस्थेने दिला; असा परवाना मिळवणारी ती पहिली स्त्री. १९६६ साली त्याच पोमोनाच्या मैदानावर शर्ली शहान या लेकुरवाळ्या बाईने आपल्या वर्गात पहिला क्रमांक पटकावला. राष्ट्रीय शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री. घरात यजमान इंजिन तयार करीत आणि गाडी ती पळवी. संसाराचा गाडाही असाच दोघांनी वाटून घेतला तर काय बिघडेल?

तिसरी शर्ली मल्डाउनी. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तिने लग्न केले, नवरा मोटारीचा कारागीर. १९५८ च्या सुमारास ती आपल्या स्केनेक्टडी गावच्या रस्त्यांवर शर्यती लावीत असे. म्हणजे आपण ज्यांना नावे ठेवतो, त्यांतलीच एक! पण तिला धावपट्टी मिळाली. १९६५ साली परवाना मिळाला, आणि १९७७, १९८० व १९८२ अशी तीन वर्षे ती सर्वांत वेगवान वर्गाची अजिंक्य ठरली. १९८४ साली तिला भीषण अपघात झाला, दोन्ही पायांचा चुराडा झाला. तरी उपचार सोसून ती पुन्हा शर्यतीत उतरली.

हा अपघात मी मुद्दाम सांगितला. धावपट्टीवरही जीव जातात, आणि धावपट्टी झाली म्हणून अमेरिकेतील रस्त्यांवरच्या पैजा मुळापासून संपल्या असेही नाही. पण तेथे धोका पत्करतो तो समजून उमजून पत्करतो, आणि रुग्णवाहिका दारात उभी असते. रस्त्यावरच्या पैजेत ज्याने पैज लावलेलीच नाही, तोही मरतो.

आपल्या महाराष्ट्रातही लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या विमानांच्या धावपट्टीवर अशा पाव मैलाच्या शर्यती झालेल्या आहेत. तेव्हा ही गोष्ट आपल्याला अगदीच परकी नाही.

आपल्या मंडळाने धावपट्टी बांधावी, असे मी म्हणत नाही. माझे मागणे लहान आहे. येत्या महिन्यात या मुलांना चहाला बोलवावे. भाषण द्यायला नव्हे, त्यांचे ऐकून घ्यायला. पोलीस ठाण्यातील एखाद्या समंजस साहेबांनाही बोलवावे. हेल्मेटावाचून किल्ली हाती द्यायची नाही, हा नियम सर्व घरांनी एकाच दिवशी सुरू करावा, म्हणजे कोणाच्या मुलाला आपल्याच घरी जाच आहे असे वाटणार नाही. ज्यांच्या हातात कसब आहे, त्यांनी रविवारी आमच्या गॅरेजात यावे. जुने इंजिन उघडून देण्याची जबाबदारी आमच्या घरच्यांची, मी विचारून ठेवले आहे. आणि मुलींनाही पाठवा बरे का! पाना धरायला मिशा लागत नाहीत.

पाणी अडवले की ते भिंत फोडते, पाट काढून दिला की मळा भिजवते. तरुणपणाचा वेगही तसाच आहे.