अण्णांच्या वकिलीचे कागद

(राजारामपुरीतील अभ्यासबैठकीत कायद्याच्या एका विद्यार्थिनीने केलेले भाषण)



माझ्या प्रकल्पाचा विषय आहे, वकील म्हणून कॉम्रेड गोविंद पानसरे. इथल्या कित्येकांनी त्यांना अण्णा म्हणून हाक मारली असेल. तुमच्याकडची माहिती माझ्यापेक्षा जास्त आहे, म्हणूनच आले.

वर्तमानपत्रांच्या फायली काढल्या की आधी फेब्रुवारी २०१५ समोर येतो. १६ तारखेचा गोळीबार, २० तारखेला मृत्यू, मग तपास. मरणाचे कागद ढीगभर आहेत. पुस्तकंही मिळतात. 'शिवाजी कोण होता?' तर घरोघरी आहे, 'मुसलमानांचे लाड' तुमच्यातल्या अनेकांनी वाचलं असेल. पण त्यांनी चालवलेले खटले?

कायद्याच्या नियतकालिकांत मुख्यतः हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाचे निकाल छापतात. कामावरून काढलेल्या माणसाचा दावा बहुतेक वेळा कामगार न्यायालयातच संपतो. खालच्या कोर्टांतली बरीच कागदपत्रं मुदतीनंतर नियमानंच नष्ट होतात. उरलेली मागायची तर पक्षकाराचं नाव आणि वर्ष सांगावं लागतं, नुसत्या वकिलाच्या नावावर जुनी फाईल निघत नाही. म्हणजे अण्णांना शोधायचं तर आधी त्यांचे पक्षकार शोधायचे. मला तर हे त्यांना शोभणारंच वाटतं.

म्हणून मी आता उलटीकडून निघालेय. जुन्या अंकांतल्या स्थानिक पानांवरून संप, टाळेबंदी, झोपडपट्टी हटवण्याच्या बातम्या टिपते. नाव आणि वर्ष मिळालं की त्या घरी जाते. मोबाइलवर हे होत नाही, धूळ खावीच लागते.

यात आपलाही एक प्रश्न आहे. मुसलमान आणि कोर्ट म्हटलं की लोकांना तलाक नाहीतर दंगल आठवते. बडतर्फी, थकलेला पगार, घरजागा यांसाठी कोर्टाची पायरी चढलेले आपले वडील, चाचा, खाला कुणाच्या लिखाणात आहेत?

तेव्हा विनंती एवढीच, की घरातली ट्रंक उघडा. वकीलपत्र, नोटीस, पगाराची पावती, युनियनची पावती, काहीही चालेल. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कित्येक घरांतले कागद भिजून गेले. राहिलेले रद्दीत जाऊ देऊ नका. लॅमिनेशन करू नका, गंजलेल्या टाचण्या तेवढ्या हळूच काढा. मी तुमच्यासमोर फोटो घेईन, मूळ कागद तुमच्याकडेच राहील. नाव झाकायचं असेल तर झाकू. पुढच्या रविवारी याच हॉलमध्ये सकाळी दहापासून बसलेली असेन.