मिठी नदीचा गाळ

वाहतें पाणी निर्मळ असतें, ही आपल्याकडील जुनी समजूत आहे. पाण्यापुरती ती पुष्कळ अंशीं खरीहि असेल. परंतु नदी म्हणजे केवळ पाणी नव्हे. पाण्याखालीं तिचा तळ असतो, आणि प्रवाहानें जें दूर नेलें असें वाटतें, त्यांतील बरेंचसें त्या तळाशीं जाऊन बसलेलें असतें. मुंबईच्या मिठी नदीची हकीकत अशीच आहे.

विहार आणि पवई हे तलाव एकोणिसाव्या शतकांत मुंबईस पाणी पुरविण्यासाठीं बांधण्यांत आले. ते भरून वाहूं लागले म्हणजे त्यांचें पाणी मिठींत येतें, आणि साकीनाका, कुर्ला, कलिना, धारावी या वस्त्यांजवळून सुमारें १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडींत समुद्रास मिळतें. पिण्याच्या पाण्यासाठीं बांधलेल्या तलावांतून निघालेली ही नदी वाटेंत काय काय पोटांत घेते, हें पाहावयाचें तर साकीनाक्यास थांबावें लागतें.

स्वातंत्र्यानंतरच्या काळांत अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या आसपास लहानमोठे कारखाने उभे राहिले. पत्र्याच्या छपराखालीं एक गाळा, त्यांत एखादा लेथ, पलीकडे पॉलिशचें चाक आणि कोपऱ्यांत द्रावांच्या टाक्या, असें तेथील कित्येक कारखान्यांचें रूप. घरोघरच्या न्हाणीघरांत चकाकणारी पितळेची तोटीच उदाहरणादाखल घ्यावी. ओतून व घासून तयार झालेली तोटी प्रथम कास्टिकच्या पाण्यांत धुतात, नंतर तेजाबांत बुडवितात, आणि मग विजेच्या साहाय्यानें तिजवर आधीं निकलचा व शेवटीं क्रोमियमचा मुलामा चढवितात. प्रत्येक टाकींतून बाहेर काढतांना थोडा द्राव तिच्या अंगास चिकटून येतो, आणि तो स्वच्छ पाण्यानें धुवून टाकावा लागतो. ज्या गाळ्यांत हें धुवण शुद्ध करण्याची सोय नसे, तेथून तें नाल्यांत जाई आणि नाल्यांतून मिठींत. जवळपासच भंगाराचीं कोठारें होतीं, तेलाचीं व रसायनांचीं जुनीं पिंपें धुण्याचे धंदेहि होते. त्यांचेंहि पाणी त्याच वाटेनें गेलें.

सेंद्रिय घाण कालांतरानें कुजून नाहींशी होते. निकल, क्रोमियम, तांबें, जस्त, शिसें हे धातु मात्र कुजत नाहींत. चिकणमातीचे सूक्ष्म कण त्यांना धरून ठेवतात. भरतीचें खारें पाणी जेथें नदीच्या पाण्यास भेटतें, तेथें हे कण एकमेकांस चिकटून लवकर खालीं बसतात. तळाशीं हवा पोंचत नाहीं. तेथें गंधकाचीं संयुगें तयार होतात आणि त्यांच्याशीं संयोग पावून कित्येक धातु पाण्यांत न विरघळणारें रूप घेतात. गाळाचा काळा रंग व सडक्या अंड्यांसारखा वास हीं या गंधकाचींच लक्षणें होत. म्हणजे गाळ न ढवळतां पडून राहिला, तर विषाचा बराच भाग त्यांत कोंडलेला राहतो. अर्थात् त्या गाळांतच जगणाऱ्या किड्यांना व खेंकड्यांना ही सुरक्षितता लाभत नाहीं.

परंतु मिठीचा गाळ पडून राहूं देतां येत नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी आपलें पात्र सोडून हजारों घरांत शिरली, आणि पाणी ओसरल्यावर मागें राहिला तो काळा चिखल. त्याच वर्षीं मिठी नदीच्या विकासासाठीं व संरक्षणासाठीं स्वतंत्र प्राधिकरण नेमण्यांत आलें. पात्र रुंद व खोल करण्याचें काम सुरू झालें, आणि पावसाळ्यापूर्वीं गाळ काढण्यावर सर्वांचें लक्ष लागूं लागलें. हें योग्यच आहे. मात्र गाळ वर काढून उघड्यावर टाकला कीं त्यास हवा लागते, गंधकाच्या संयुगांपासून आम्ल तयार होतें, आणि कोंडलेले धातु पुन्हा मोकळे होतात. पहिला पाऊस त्यांना जमिनींत किंवा दुसऱ्या एखाद्या ओढ्यांत नेऊन सोडतो. नदीचें दुखणें दुसऱ्या गांवास दिलें, एवढेंच त्यानें साधतें.

येथें एक विसंगति विचार करण्याजोगी आहे. मुलाम्याच्या कारखान्यांतील टाकीच्या तळाशीं सांचणारा धातुयुक्त साका २०१६ च्या नियमांप्रमाणें घातक कचरा ठरतो, आणि अशा कचऱ्यासाठीं तळोजा येथें पक्कें अस्तर घातलेली भूमि आहे. तोच साका नाल्यावाटे नदींत उतरला, मातींत मिसळला, कीं लोक त्यास नुसता गाळ म्हणतात! नांव बदललें तरी धातु बदलत नाहीं. ऱ्हाईन नदीबरोबर आलेला दूषित गाळ रॉटरडॅमच्या बंदरांत सांचूं लागला, तेव्हां डच लोकांनीं तो ठेवण्यासाठीं १९८७ सालीं समुद्रकांठीं एक प्रचंड कुंड बांधलें. तेवढा खर्च मुंबईस झेपेल न झेपेल. पण गाळ उचलण्यापूर्वीं नदीच्या प्रत्येक टप्प्यावर त्याची परीक्षा करणें, दूषित गाळ चांगल्या मातींत न मिसळतां वेगळा ठेवणें, आणि चिखलांत उतरणाऱ्या मजुरांस गमबूट व हातमोजे देणें, एवढें तर खास झेपण्यासारखें आहे.

साकीनाक्याचे कित्येक जुने गाळे आतां बंद पडले, कित्येक मुंबईबाहेर गेले, आणि त्यांच्या जागीं कचेऱ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. त्या गाळ्यांत तेजाबानें हात भाजून घेणाऱ्या कारागिरांस दोष देऊन भागणार नाहीं. तोटी स्वस्त मिळाली, कारण धुवण शुद्ध करण्याचा खर्च तिच्या किंमतींत धरलेलाच नव्हता. आणि ती स्वस्त तोटी शहरांतील घराघरानें घेतली. तो न दिलेला खर्च आज नदीच्या तळाशीं जमा आहे. म्हणून वैशाखांत गाळाचे ट्रक भरून जातांना दिसले, म्हणजे किती गाळ निघाला एवढेंच विचारून नागरिकांनीं थांबूं नये. त्यांत काय आहे, आणि तो कोणाच्या दारीं चालला आहे, हेंहि त्यांनीं विचारलें पाहिजे.