पाणी येते कुठून?
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ज्येष्ठ सभासदांच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"घरगुती दुरुस्त्यांवर दहा मिनिटे बोला," असे सेक्रेटरींनी मला सांगितले. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाने नळावर बोलावे, हे जरा गमतीचेच. पण माझी हत्यारांची पेटी आपल्यापैकी बऱ्याच घरांत जाऊन आलेली आहे, त्यामुळे थोडा हक्क पोहोचतो.

माझे लहानपण रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठी गेले. पाऊस तोंडावर आला की होड्या ओंडक्यांवरून वर ओढायच्या, गोड्या पाण्याने धुवायच्या, सुकवायच्या आणि नारळाच्या झापांनी शाकारायच्या. होडी गळत असेल तर फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून वर राळ भरायची. हे काम बाहेरच्या अंगाने आणि लाकूड कोरडे असतानाच होई. आतून कितीही लिंपा, बाहेरचे पाणी ते ढकलून देणारच.

आपण घरात नेमके उलटे करतो. छताला ओल आली की खालून पुट्टी, वर रंग. आपल्याच सोसायटीत दोन घरांचे यावरून दोन पावसाळे बोलणे बंद होते. नावे सांगत नाही, दोघेही समोर बसले आहेत! खालच्यांनी दोनदा रंग काढला. वरचे म्हणत, "आमची फरशी कोरडी ठणठणीत आहे." दोघेही खरेच बोलत होते. शेवटी आम्ही तिघांनी मिळून तपासले. ती पद्धत सांगतो, कारण ती फुकट आहे.

आधी दोन दिवस वरचे बाथरूम अजिबात वापरायचे नाही, पण मुख्य कॉक चालू ठेवायचा. तरीही खाली थेंब पडत राहिले तर भिंतीतल्या पाइपवर संशय घ्यावा. कॉक बंद केल्यावर ओल हळूहळू कमी झाली तर तो संशय पक्का. थेंब थांबले असतील तर पुढची पायरी. प्लॅस्टिकच्या पिशवीत फडके भरून नहाणी ट्रॅपचे तोंड घट्ट बंद करायचे, उंबऱ्याच्या आत दोन बोटे पाणी साठवायचे, पेन्सिलीने खूण करून चोवीस तास थांबायचे. खाली ओल उतरली तर फरशीचे सांधे किंवा ट्रॅपची कड. नाही उतरली, पण बोळा काढून पाणी सोडल्यावर उतरली, तर सांडपाण्याचा पाइप. या प्रकरणात ट्रॅपच्या कडेचे सिमेंट निघालेले होते. अर्ध्या दिवसाचे काम! संडास-बाथरूम, सिंक यांची आतली गळती ज्याच्या फ्लॅटमधली त्याच्या खर्चाने, आणि गच्चीतून झिरपणारे पावसाचे पाणी सोसायटीच्या खर्चाने, असे उपविधी सांगतात. म्हणून भांडायच्या आधी पाणी कुठून येते ते बघा.

भिंत ओलसर वाटत असेल तर वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला पाणी जमले तर ओल भिंतीतून येते; बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतल्या हवेची वाफ आहे, खिडकी उघडा.

नळाचे थोडक्यात. सिंकखालचा अँगल कॉक महिन्यातून एकदा बंद-चालू करा, नाहीतर ऐन वेळी तो जाम झालेला सापडतो. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळा. उलटी गुंडाळली तर नळ फिरवताना ती सुटून येते.

आता जड सामान. आमच्या शाखेत तिजोरी हलवायची होती, तेव्हा हमालांनी पहारीने ती किंचित उचलून खाली लोखंडी पाइपचे तुकडे सरकवले. मागून सुटलेला तुकडा पुढे आणून टाकायचा. खाडीवरच्या ओंडक्यांचीच ही युक्ती! घरातल्या लोखंडी कपाटाला पाइपही नकोत. ते रिकामे करा, किंचित कलवून पायांखाली जाड गोणपाट घाला आणि खालून ओढा. वरून ढकलले तर कपाट अंगावर येते. जिन्यात खालच्या माणसावर सगळे वजन येते, म्हणून तिथे दणकट माणूस हवा. आपल्या वयाच्या मंडळींनी फक्त सूचना द्याव्यात.

काही कामांना मात्र हात लावू नका. एमसीबी वारंवार पडत असेल तर इलेक्ट्रिशियन. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला स्पर्श नाही. कॉलम-बीमला छिन्नी लावायची नाही. त्यांवर लांबच्या लांब उभी-आडवी भेग दिसली किंवा ठोकल्यावर प्लास्टर पोकळ वाजले तर आतली सळई गंजत असण्याची शक्यता असते. वरून सिमेंट फासून झाकू नका, समितीला लेखी कळवा. आपल्या इमारतीला २५ वर्षे झाली. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी करायचे असते. त्याचा खर्च सभेत आला की कुरकुर होते, आणि त्याच सभेत गेटच्या रोषणाईला टाळ्या पडतात. असो.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता गच्चीवरच्या पावसाळी पाइपांची तोंडे साफ करायची आहेत. खराटा आणि घमेले मी आणतो. माझा दहा नंबरचा पाना गेल्या दिवाळीपासून कुणाकडे तरी आहे, तोही येताना घेऊन यावा.