आवड मोजायची कशी?

मागच्या महिन्यात मामेबहिणीचा फोन आला. ती एमबीबीएसला आहे. "दादा, पीएसएममध्ये पोरांना किती इंटरेस्ट आहे, त्याचा सर्व्हे करायचाय. फॉर्म बनवून दे ना!" पीएसएम म्हणजे कम्युनिटी मेडिसिन. लसीकरण, पिण्याचं पाणी, साथी, सगळं त्यात येतं.

म्हटलं, सोपंय. 'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत', पाच पर्याय टाकले. रेन्सिस लिकर्टने १९३२ साली मांडलेली ही पद्धत. पहिलं विधान लिहिलं, 'समाजाचं आरोग्य महत्त्वाचं आहे.'

बहीण हसली. "दादा, याला नाही कोण म्हणेल?"

खरंच की! महत्त्वाचं वाटणं वेगळं, आवडणं वेगळं आणि त्यातच एमडी करायला तयार असणं आणखी वेगळं. मी तिन्ही एकाच आकड्यात कोंबलं होतं. वर रोल नंबरही मागितला होता. सर वाचणार म्हटल्यावर खरं कोण लिहील?

मग फॉर्म बदलला. रोल नंबरऐवजी ज्याचा त्याने ठरवलेला कोड. पीजीच्या पहिल्या तीन पसंती कोणत्या? सक्ती नसती, तर गावभेटीला गेला असतात का? हेच प्रश्न गावभेटींच्या आधी आणि नंतर. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात तर प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते. असा अनुभव घेतल्यावर उत्तर बदलतं का, ते कोडवरून जुळवता येतं.

आणि आकडा कमी आलाच, तर लगेच पोरांना नावं ठेवू नका. कदाचित त्यांनी गाव फक्त स्लाइडवरच पाहिलं असेल.

चला, भेटू पुढच्या भागात!